हेलिकॉप्टर उडत नाही म्हणून शर्यत नाही? बरोबरच आहे!

9 ऑक्टोबर 2020, शुक्रवार. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा पहिला दिवस होता. सकाळचं सरावाचं सत्र रद्द झालं, मग दुपारचंही रद्द झालं. दिवसभरात एकाही गाडीने वेळ नोंदवली नाही. मायकेल शूमाकरचा मुलगा मिक त्या दिवशी पहिल्यांदा ग्रां प्रीच्या सत्रात गाडी चालवणार होता, तेही राहून गेलं. ट्रॅकवर पूर आला नव्हता, कुठे काही तुटलं नव्हतं. धुकं खाली उतरलं होतं आणि त्यामुळे मेडिकल हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, एवढंच कारण होतं.

रविवारची शर्यत न चुकवणारे काहीजण माझ्या ओळखीत आहेत, दोघे-तिघे तर पेशंटच आहेत. "डॉक्टर, कोट्यवधींच्या गाड्या उभ्या, ड्रायव्हर उभे, आणि एका हेलिकॉप्टरसाठी दिवस वाया घालवायचा? अपघात झाला असता का, ते तरी कुणाला माहीत?" असा त्यांचा सूर. अपघात होणार की नाही हे माहीत नसतं, म्हणूनच तर तो निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते त्या दिवशी त्या सर्किटवर घेतलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. तो का, हे या लेखात सांगतो. शर्यतीत रस नसेल तरी वाचा. आपण सगळेच रोज गाडीत बसतो, आणि शरीराला लागू होणारे नियम ट्रॅकवर आणि पुणे-नाशिक रस्त्यावर वेगळे नसतात.

हेलिकॉप्टर कशाला लागतं?

गोष्ट त्याच न्यूरबर्गरिंगची, पण 1976 सालची. तेव्हा शर्यत जुन्या, जवळजवळ 23 किलोमीटर लांबीच्या डोंगरातल्या ट्रॅकवर व्हायची. एवढ्या लांब ट्रॅकवर प्रत्येक वळणाला मदत पोहोचवणं अशक्य होतं, आणि त्या दिवशी पाऊसही होता. विश्वविजेता निकी लाउडा याने शर्यत होऊ नये असा आग्रह धरला, पण बाकीच्या ड्रायव्हरांचं बहुमत त्याच्या विरोधात गेलं. दुसऱ्याच फेरीत लाउडाची गाडी कठड्यावर आदळून पेटली. त्याला बाहेर काढलं ते त्याच्या मागून आलेल्या इतर ड्रायव्हरांनी. तोवर जवळजवळ एक मिनिट तो आगीत होता.

लाउडाच्या चेहऱ्यावरचे व्रण सगळ्यांनी पाहिले. डॉक्टरांना जास्त काळजी होती ती फुप्फुसांची. आगीत अडकलेल्या माणसाची त्वचा भाजते ती दिसते, पण गरम वायू आणि प्लॅस्टिक-इंधनाचा विषारी धूर श्वासाबरोबर आत जातो आणि श्वासनलिकेचं, फुप्फुसांचं अस्तर भाजून काढतो. सूज यायला काही तास लागतात. म्हणून आगीतून आलेला माणूस बोलत असला, "मी ठीक आहे" म्हणत असला, तरी त्याला घरी पाठवत नाहीत. लाउडा जगला आणि सहा आठवड्यांत मोन्झाच्या शर्यतीत उतरून चौथाही आला. त्याच्या जिद्दीबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून ते सोडतो.

दोन वर्षांनी, 1978 च्या सप्टेंबरमध्ये, त्याच मोन्झाला शर्यत सुरू होताच दहाएक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्वीडनचा रॉनी पीटरसन जळत्या गाडीत अडकला. त्यालाही सहकारी ड्रायव्हरांनीच ओढून बाहेर काढलं. तो शुद्धीवर होता, फार भाजलाही नव्हता, पण पायांची बरीच हाडं मोडली होती. ॲम्ब्युलन्स यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ गेला. पोलिसांनी गर्दी रोखायला कडं केलं होतं, आणि त्या कड्यात खुद्द शर्यतीच्या मुख्य डॉक्टरांनाच अडवलं गेलं. रात्री शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरसन गेला, फॅट एम्बॉलिझममुळे.

हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला नसेल. मांडीचं किंवा नडगीचं मोठं हाड मोडलं की आतल्या मगजातली चरबी बारीक थेंबांच्या रूपात रक्तात शिरू शकते. हे थेंब फुप्फुसांत आणि मेंदूत जाऊन अडकतात. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही धाप लागते, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो, ऑक्सिजन घसरतो. "फक्त पायच मोडलाय ना!" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना आमचे हाडांचे डॉक्टर एवढे गंभीर का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. हाड लवकर स्थिर करणं, ऑक्सिजन देणं, रक्तदाब सांभाळणं याने हा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

ज्यांना कड्यात अडवलं गेलं ते डॉक्टर म्हणजे प्रोफेसर सिड वॉटकिन्स, लंडनचे मेंदूविकार शल्यचिकित्सक. फॉर्म्युला वनमध्ये त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. मोन्झानंतर त्यांनी अटी घातल्या: भूलतज्ज्ञ हजर पाहिजे, हेलिकॉप्टर पाहिजे, आणि डॉक्टरांची गाडी पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग धावली पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गर्दी आणि धक्के पहिल्याच फेरीत होतात. अटी मान्य झाल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की डॉक्टर सल्ला देऊन गप्प बसले नाहीत. शर्यत सुरू व्हावी की नाही यात त्यांचा शब्द चालू लागला. सल्ला आणि अधिकार यांत केवढा फरक असतो, हे आमच्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा.

आता हेलिकॉप्टरकडे येऊ. ट्रॅकवर उत्तम मेडिकल सेंटर असतं. तिथे श्वासमार्ग मोकळा करता येतो, रक्तस्राव दाबून धरता येतो, छातीत साठलेली हवा काढता येते. पण कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर त्याला न्यूरोसर्जनचं ऑपरेशन थिएटरच लागतं. मेंदूवर दाब वाढत असताना प्रत्येक मिनिट पेशी मारत असतं. जवळपासचं योग्य हॉस्पिटल रस्त्याने ठरलेल्या वेळेत गाठता येत नसेल आणि आकाशही बंद असेल, तर त्या ट्रॅकवर अर्धी वैद्यकीय व्यवस्था नाहीच असा त्याचा अर्थ होतो. भूलतज्ज्ञ आलेले नसताना "सुरू करू या, बघू पुढे" असं कुठला सर्जन म्हणेल?

थांबण्याचं अंतर

अपघातात शरीराचं नुकसान वेगामुळे होत नाही, वेग किती कमी अंतरात शून्यावर येतो त्यामुळे होतं. विमानात आपण ताशी 800 किलोमीटरने जातो आणि चहा पितो. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एक मीटर अंतरात थांबली, म्हणजे बॉनेट चेपलं, बेल्ट थोडा ताणला, तर शरीरावर साधारण स्वतःच्या वजनाच्या दहापट बल येतं. तेच शरीर दहा सेंटिमीटरमध्ये थांबलं, म्हणजे बेल्ट नव्हता आणि छाती डॅशबोर्डवर आपटली, तर शंभरपट. वेग तोच, माणूसही तोच. पुढच्या सीटवर बाळ मांडीवर घेऊन बसणाऱ्या आयांना मी हा हिशेब सांगतो: दहा किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोचं होतं. कितीही माया असली तरी हातांना शंभर किलो धरून ठेवता येत नाही.

ट्रॅकच्या कडेला टायरचे ढीग, वाळू, दबणारे कठडे असतात, गाडीचं नाक मुद्दाम चुरा होईल असं बनवलेलं असतं. हे सगळं थांबण्याचं अंतर वाढवण्यासाठी आहे. गाडीचे तुकडे तुकडे झालेले पाहून प्रेक्षक घाबरतात. मला उलट बरं वाटतं, कारण जी ऊर्जा गाडी मोडण्यात गेली ती ड्रायव्हरपर्यंत पोहोचली नाही.

पण एक कोडं उरलं होतं. बेल्टने धड घट्ट धरलं तर डोक्याचं काय? डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, वर सव्वा-दीड किलोचं हेल्मेट. पन्नासपट बल आलं तर मानेला एका झटक्यात तीनशे किलोंची ओढ बसते. धड जागेवर, डोकं पुढे. कवटीचा तळ जिथे मानेच्या मणक्यांना जोडलेला असतो, तिथे तो तडकतो. याला बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतात. त्याच भागातून मेंदूच्या रक्तवाहिन्या जातात, आणि श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठही तिथेच असतो. माणूस बाहेरून जवळजवळ अखंड दिसतो आणि गेलेला असतो.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसिंग ड्रायव्हर जिम डाउनिंग यांनी 1980 च्या दशकातच शोधला होता. खांद्यावर बसणारी एक कॉलरसारखी चौकट आणि तिला हेल्मेट बांधणारे दोन पट्टे. धक्का बसला की डोकं धडाबरोबरच पुढे येतं, मान ताणली जात नाही. तिचं नाव हान्स. फॉर्म्युला वनने ती सक्तीची केली 2003 मध्ये. मधली वीस वर्षं काय झालं? ती जड आहे, टोचते, आरशात नीट दिसत नाही, अशी कुरकुर झाली. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय ड्रायव्हर डेल अर्नहार्ट डेटोनाला शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. त्याला हीच इजा झाली होती. तेव्हा हान्स बाजारात मिळत होतं, पण त्याने ते लावलेलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांत तिकडेही सक्ती झाली.

गोळी टोचत नाही, तरी लोक ती बंद करतात, म्हणून मला या कुरकुरीचं नवल वाटत नाही. "डॉक्टर, मला काहीच त्रास नव्हता म्हणून बीपीची गोळी सोडली" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्रास नव्हता तो गोळीमुळेच!

इमोलाचे तीन दिवस

शर्यतीचे जुने चाहते भेटले की गप्पा 1994 च्या इमोलावर येतातच. 29 एप्रिल ते 1 मे. शुक्रवारी ब्राझीलचा रुबेन्स बारिकेलो कठड्यावर उडाला आणि बेशुद्ध झाला. जीभ मागे पडून त्याचा श्वास अडला होता. वॉटकिन्स आणि त्यांच्या माणसांनी तो मोकळा केला. दुसऱ्या दिवशी तो सर्किटवर परत आला होता. शनिवारी ऑस्ट्रियाच्या रोलंड रात्सेनबर्गरच्या गाडीची पुढची विंग तुटली आणि गाडी ताशी तीनशेहून अधिक वेगाने भिंतीवर गेली. कवटीचा तळ फुटला. रविवारी सुरुवातीलाच दोन गाड्यांची टक्कर होऊन तुकडे प्रेक्षकांत पडले. सातव्या फेरीत आयर्टन सेना टाम्बुरेलो वळणावर सरळ भिंतीकडे गेला. पुढे पिटमध्ये एका गाडीचं चाक निखळून मेकॅनिक जखमी झाले.

सेनाचा अपघात कशामुळे झाला यावर तीस वर्षं वाद चालू आहे. स्टिअरिंगचा दांडा मोडला, की टायरमधली हवा थंड झाल्याने गाडी खाली टेकली? इटलीतल्या न्यायालयात वर्षानुवर्षं खटला चालला. चाहते आजही दोन बाजू घेऊन भांडतात. भांडोत बापडे. कारण शोधणं आवश्यक आहेच, पण डॉक्टर म्हणून मला दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो: गाडी भिंतीवर गेली, ठीक आहे, पण माणूस कशाने मेला? सेनाला धडाची, पोटाची, हातापायांची जीवघेणी इजा नव्हती. निखळलेलं चाक आणि सस्पेंशनचा तुकडा डोक्यावर आला. तो थोडा इकडे-तिकडे गेला असता तर सेना कदाचित चालत परतला असता.

हा प्रश्न विचारला की उत्तरंही वेगळी मिळतात. चाक डोक्याकडे येऊच नये म्हणून ते मजबूत दोरांनी गाडीला बांधा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कॉकपिटच्या भिंती उंच करा, आत ऊर्जा शोषणारा जाड फोम बसवा. वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत ही कामं झाली. "चूक कोणाची" यावर थांबलं असतं तर एका मेकॅनिकला शिक्षा झाली असती आणि पुढच्या वेळी चाक पुन्हा डोक्यावर आलं असतं.

वॉटकिन्स यांनी आठवणींमध्ये लिहिलं आहे की त्या शनिवारी त्यांनी सेनाला रेसिंग सोडून देण्याविषयी सुचवलं होतं. दोघे जिवलग मित्र होते. सेनाने ऐकलं नाही. मित्राच्या सल्ल्यावर तो थांबला नसता, पण नियमाने सगळेच थांबले असते तर थांबला असता. धुक्याच्या दिवशी हेलिकॉप्टरचा नियम असतो तो यासाठी. शूर माणसाला "तू उतरू नकोस" असं सांगण्याची वेळच येऊ नये.

जिथे हेलिकॉप्टरही कमी पडतं

माझी बाजू बळकट करण्यासाठी मी अर्धं सत्य सांगणार नाही. 5 ऑक्टोबर 2014, जपानमधलं सुझुका. वादळी पाऊस. एक गाडी घसरून बाहेर गेली होती आणि ती उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर आत आला होता. पिवळे झेंडे फडकत होते. ज्यूल बियांकीची गाडी त्याच ठिकाणी घसरली आणि थेट त्या ट्रॅक्टरखाली घुसली. हवामानामुळे त्याला हेलिकॉप्टरने नेता आलं नाही, ॲम्ब्युलन्स रस्त्याने गेली. नऊ महिने कोमात राहून जुलै 2015 मध्ये तो गेला.

हेलिकॉप्टर असतं तर तो वाचला असता का? मला तसं वाटत नाही. त्याला झालेल्या इजेला डिफ्यूज ॲक्झोनल इंजरी म्हणतात. डोकं एकदम थांबतं किंवा गर्रकन फिरतं, तेव्हा मेंदूचे मऊ थर एकमेकांवरून सरकतात आणि पेशींना जोडणारे अतिसूक्ष्म तंतू लाखोंच्या संख्येने तुटतात. काढून टाकावी अशी गाठ नसते, शिवावी अशी जखम नसते. पहिला सीटी स्कॅन कधीकधी फारसा वाईट दिसतही नाही, आणि आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, "रिपोर्ट बरा आहे मग शुद्ध का येत नाही?" या प्रश्नाला उत्तर देणं फार कठीण जातं. नुकसान धडकेच्या क्षणातच झालेलं असतं. इथे उपचार नाही, टाळणं आहे: माणूस ट्रॅकवर आहे तोवर जड वाहन आत सोडू नका, किंवा गाड्यांचा वेग सक्तीने उतरवा. 2015 पासून त्यासाठी व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. सगळ्यांना एकाच वेळी ठरलेल्या वेगाखाली यावं लागतं, ड्रायव्हरच्या मनावर सोडलेलं नसतं.

आणि तरीही 2022 मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, ट्रॅकवर ट्रॅक्टर उभा असताना पिएर गॅस्ली जवळून गेला. तो स्वतःही त्या वेळी जास्त वेगात होता, त्याची शिक्षा त्याला झाली. पण रेडिओवरचा त्याचा संताप मला खेळाडूचा वाटला नाही, बियांकीला ओळखणाऱ्या माणसाचा वाटला. शिकलेला धडा आठ वर्षांत पातळ होतो, एवढं मात्र दिसलं.

पावसाचा मुद्दा निघालाच आहे तर बेल्जियमच्या स्पाबद्दल. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथे प्रेक्षक तासन्‌तास पावसात बसले, गाड्या सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या मारून परतल्या, आणि तरी अर्धे गुण वाटले गेले. लोक चिडले. माझ्या मते ते एका बाबतीत बरोबर होते: जी शर्यत झालीच नाही तिचे गुण कसले? आणि तिकिटाचे पैसे परत मिळावेत ही मागणीही रास्त होती. पण "पावसाला घाबरतात, पूर्वीचे ड्रायव्हर मर्द होते" हे जे त्याबरोबर बोललं गेलं, ते मला मान्य नाही. त्याच सर्किटवर 2019 मध्ये 22 वर्षांचा आंतवान युबेर आणि 2023 च्या जुलैत, पावसात, 18 वर्षांचा डिलानो फान्ट होफ गेला. दोघांच्याही बाबतीत आधी अपघात झाला आणि मग मागून आलेली गाडी त्यांच्यावर आदळली. चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या पडद्यात मागच्याला पुढचं काही दिसत नाही, तिथे शौर्य काय करणार? शिवाय बाजूने धडक बसली तर चेपायला जागाच नसते. पुढून मीटरभर गाडी असते, बाजूने काही इंच.

धोका हाच या खेळाचा प्राण आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण असहमत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवावर किती उदार व्हावं हे त्याने ठरवावं. गिर्यारोहक ठरवतातच. पण कठड्यापलीकडे उभा असलेला मार्शल, बहुधा बिनपगारी हौशी माणूस, त्याने काय ठरवलेलं असतं? 2000 मध्ये मोन्झाला आणि 2001 मध्ये मेलबर्नला उडालेलं चाक लागून एकेक मार्शल मेला. 1955 मध्ये ल मान्स इथे गाडीचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. चाहत्यांच्या गप्पांत ड्रायव्हरांची नावं असतात, यांची नसतात.

29 नोव्हेंबर 2020 ला, म्हणजे न्यूरबर्गरिंगच्या त्या धुक्यानंतर दोनच महिन्यांनी, बहरीनला रोमां ग्रोझांची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. धक्का 67 जीचा. 28 सेकंदांनी तो स्वतः ज्वाळांतून बाहेर आला, हात भाजलेले, बाकी शाबूत. जगभर लोक "चमत्कार" म्हणाले. मला तिथे चमत्कार दिसला नाही. डोक्यावर हेलो होता, कॉकपिटभोवतीची ती टायटॅनियमची कमान. तिने लोखंडी कठडा डोक्यापासून दूर ढकलला. ती 2018 मध्ये आली तेव्हा चपलेच्या पट्ट्यासारखी दिसते म्हणून तिची टिंगल झाली, आणि विरोध करणाऱ्यांत ग्रोझां स्वतः होता. हॉस्पिटलमधून त्याने ते मोकळेपणाने कबूल केलं. मान वाचवली हान्सने. शुद्ध राहिली म्हणून तो बाहेर पडू शकला. आणि आगीपाशी धावत पोहोचलेले डॉक्टर इयन रॉबर्ट्स इतक्या लवकर तिथे कसे होते? त्यांची गाडी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मागोमाग धावत होती. 42 वर्षांपूर्वी पीटरसन गेल्यावर ठरलं होतं तसं.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडे मागच्या सीटवर बेल्ट लावणं अजून हास्यास्पद मानलं जातं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. महागडी, सुरक्षित समजली जाणारी गाडी होती. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं, आणि ते दोघेच गेले. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. थांबण्याच्या अंतराचा वरचा हिशेब इथे पुन्हा लावून पाहा. बेल्ट नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर, किंवा पुढच्या माणसावर, जाऊन आदळतो.

सीटच्या डोक्यामागची उशी मान टेकायला दिलेली नाही. तिचा मधला भाग कानाच्या रेषेत आला पाहिजे, तर मागून धडक बसल्यावर मान वाचते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधला नसेल तर धडकेआधीच हेल्मेट उडून जातं. मग ते पोलिसांना दाखवायची टोपी उरते. पावसात किंवा घाटातल्या धुक्यात गाडी बंद पडली तर गाडीत बसून राहू नका. दिवे लावा आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. स्पाला जे दोघे गेले ते पहिल्या धक्क्याने नव्हे, हे लक्षात ठेवा.

आणि अपघात पाहिलात तर? आपल्याकडे पहिला धावत येतो तो पाण्याची बाटली घेऊन. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर ओढून बाहेर काढायची घाई करू नका. मानेचा मणका मोडलेला असू शकतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही राहू द्या. घरघर आवाज येत असेल, श्वास अडत असेल, तर डोकं आणि मान एका रेषेत धरून दोन्ही बाजूंनी खालचा जबडा पुढे उचला. बारिकेलोचा अडलेला श्वासमार्ग असाच आधी मोकळा करावा लागला होता. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. "पोलिसांचं लचांड मागे लागेल" ही भीती आता बाळगायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

108 ला फोन करा. ऑपरेटर पहिल्यांदा विचारेल, "नक्की कुठे?" "हायवेवर, ढाब्याच्या पुढे" असं सांगून ॲम्ब्युलन्सला दोन वळसे घालायला लावू नका. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड किंवा पाटी असते, तिच्यावरचा आकडा आणि गाड्या कोणत्या बाजूला चालल्या आहेत ते सांगा. आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकाने पुढे रस्त्यावर, सुरक्षित अंतरावर, हात दाखवत उभं राहा.